हाशमभाईंचा घोडा

माणसं अंधारात गप्प बसू शकत नाहीत, हा माझा अनुभव. हाशमभाईंच्या परसातल्या शेडमध्ये तर मुळीच नाही. तिथे दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला टीव्ही. आकाशातलं एखादं अंधूक प्रकरण टीव्हीवर उमटायला बराच वेळ घेतं. कॅमेरा एकावर एक चित्रं रचत बसतो आणि हळूहळू काहीतरी दिसायला लागतं. तोवर करायचं काय? बोलायचं. मग किस्से साठतात, आणि दर वेळी सांगताना त्यात चिमूटभर मीठ वाढतं.

मंडळी तीनच. हाशमभाई मस्कतला एसीची कामं करून कायमचे परत आलेले. किसन पाटील कंपनीत पाळी करतो आणि घरची भातशेती बघतो. मी शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालो, म्हणून 'मास्तर'. रेवसच्या अलीकडे आमचं गाव. उत्तरेला उरणच्या बंदराचा उजेड दिसतो, बाकीचं आकाश आमचं.

*

शेडचं छप्पर म्हणजे सरकता पत्रा. कंपाउंडच्या गेटला असतात तसली चाकं लावलेली. हाशमभाईंनी तो बनवला आकाशासाठी, आणि त्यांच्या बायकोने, रेहानाभाभींनी, पहिल्याच आठवड्यात त्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला. ऊन भरपूर, कोंबड्या पोचत नाहीत, यापेक्षा चांगली जागा कुठली?

एकदा भाभी माहेरी गेल्या आणि जवळा काढायचा राहिला. मी आपला हिसका देऊन पत्रा ढकलला. पत्रा पुढे गेला, जवळा मागे राहिला. म्हणजे थेट दुर्बिणीच्या उघड्या नळीत. आरसा पुसायचा नसतो, चरे पडतात, म्हणून तिघांनी चिमट्याने एकेक काढला.

भाभी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आधी जवळा काढायचा, मग आकाश उघडायचं. शिकलेल्या माणसांना एवढं पण कळत नाही?"

त्यानंतर कितीतरी दिवस गावातली मांजरं संध्याकाळ झाली की दुर्बिणीखाली येऊन बसायची. किसन म्हणायचा, "आपल्यापेक्षा यांनाच जास्त इंटरेस्ट हाय."

*

आता घोड्याचं सांगायला हवं, कारण सगळी धडपड त्याच्यासाठी. मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ, काळ्या धुळीचा एक लोट आहे. हुबेहूब घोड्याचं डोकं. मस्कतच्या खोलीत हाशमभाईंच्या कॅलेंडरवर त्याचा फोटो होता. वर्ष संपलं तरी त्यांनी ते पान उलटलं नाही. 'हा आपल्या घरातून बघायचा' हे त्यांनी तिथेच ठरवलं होतं.

परत आले, शेड बांधली, आणि डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मधली नजर जात चाललीय, कडेची राहील.

हाशमभाई हसले. "डॉक्टरसाहेब, अंधूक तारा आम्ही तिरकाच बघतो. सरळ बघितला तर दिसतच नाही."

डॉक्टरांना वाटलं, माणूस धक्क्याने बरळतोय. त्यांनी भाभींना पाणी द्यायला सांगितलं.

येताना रिक्षात मात्र हाशमभाई एकेक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचून बघत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, "मास्तर, घोडा याच थंडीत. पुढच्या थंडीचा भरवसा नाही." मला फार वाईट वाटलं. पण आमच्यात तसं बोलून दाखवायची पद्धत नाही. मी वायरी गुंडाळत बसलो.

*

शेडमध्ये आम्ही लाल बॅटरी वापरतो, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून. कुणीतरी खाडीतल्या होडीवरून ती पाहिली आणि फोन केला. किनारा म्हटल्यावर पोलिस येणारच. एक हवालदार आले. इशारे कुणाला करताय, मशीन कसलं, सगळं विचारून झालं. हाशमभाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि टीव्हीवर देवयानी दीर्घिका लावली.

"हे लाइव्ह आहे?"

"एकदम लाइव्ह. हा उजेड तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली."

हवालदार टीव्हीजवळ सरकले. "मग लाइव्ह कसं? हे तर जुनं रेकॉर्डिंग."

हाशमभाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. ते चहा पिऊन गेले. पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आले आणि तिला म्हणाले, "बघ, रेकॉर्डिंग आहे, पण क्लिअर आहे."

*

घोड्याच्या मागे लागलो आणि नेमकी किसनच्या पुतणीची हळद आली, तीन घरं सोडून. हॅलोजन, डीजे, गरगरणारे दिवे. टीव्हीवर आकाश दुधासारखं पांढरं. मांडवाचा कारभारी किसनच. तो उठला आणि न सांगता जनरेटर बंद करून आला.

आम्हाला वाटलं, आता शिव्या पडणार. पण अंधारात बायकांनी टाळ्या धरल्या आणि धवला, आमच्याकडचं लग्नाचं गाणं, म्हणायला सुरुवात केली. माईक नाही, काही नाही. किसनची म्हातारी आत्या म्हणाली, "आज पयल्यांदा नवरीचं नाव ऐकू आलं."

मग जनरेटर चालू करायला कुणी उठेचना. आम्हीही टीव्ही सोडून गाणी ऐकत बसलो. घोडा राहिलाच.

*

तो आला माघ महिन्यात. रात्रीची इशाची नमाज पढून हाशमभाई आले, तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं. किसनला पाळी नव्हती. भाभी चहा ठेवून लगेच जातात, त्या दिवशी दाराशी टेकल्या. हाशमभाईंनी खुर्ची ओढून गुडघे टीव्हीच्या टेबलाला लावले.

आधी तांबूस झाक आली. मग त्यात एक काळा फुगवटा. मग मान. मग तोंड. किसन हळूच म्हणाला, "आयला." घोडा उभा होता, कॅलेंडरवर असेल तसा. मी हाशमभाईंकडे पाहिलं. ते टीव्हीकडेच बघत होते. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"अजून किती वेळ लागेल, मास्तर?"

किसनने तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. टीव्हीवर घोडा आणखी गडद होत होता.

हाशमभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पण परत लावला नाही. खिशात ठेवला.

"राहू दे आज," ते म्हणाले. "ढग आले वाटतं."

भाभींनी घोड्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. मृग डोक्यावर लखलखत होता.

"हो ना," त्या म्हणाल्या. "पार भरून आलंय." आणि पत्रा ओढायला उठल्या.