बघू, लाकूड काय म्हणतं

लाकडाचा प्रत्येक दांडका माझे मालिशवाले आधी स्वतःच्या गालाला लावून बघत. बाळाला दूध पाजण्याआधी आई मनगटावर थेंब टाकून बघते ना, तसं. गालाला पटलं की म्हणत, "आल्झो, तर मग, बघू लाकूड काय म्हणतं." आणि मग तो दांडका माझ्या पाठीवर टेके. लाकूड काय म्हणायचं ते त्यांनाच ऐकू येई. मी काय म्हणायचो ते मात्र अख्ख्या जिन्याला ऐकू जाई.

ही गोष्ट जर्मनीतल्या येना शहरातली, दोन हजार पाचच्या आसपासची. भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत दिवसभर वाकून वाकून माझी मान पुढे आली होती, आणि पोट तिच्याही पुढे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सहा मसाज लिहून दिले. मसाज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीच्या पहाटेचं तेल आणि उटणं. तिथे गेलो तर भिंतीवर ओळीने लाकडी हत्यारं टांगलेली! गोटे, चाकं, रवीसारखी दातेरी काहीतरी. सगळी त्यांनी स्वतः कातलेली. आपण चुकून सुताराकडे आलो की काय, असं वाटलं.

तसं ते अगदीच चूक नव्हतं. पूर्व जर्मनीच्या काळात, तरुणपणी, ते लाकूड कातायच्या कारखान्यातच होते. शेजारच्या लेथवर व्हिएतनामहून आलेला एक कामगार. एकदा यांची कंबर धरली, तेव्हा त्याने लाकडाच्या एका कांडीने पाठीवरच्या पाच-सात जागा अशा काही दाबल्या, की हे उठून चालू लागले. मग त्यांनी कारखाना सोडून मालिशचं रीतसर शिक्षण घेतलं आणि दोन्ही विद्या एकत्र केल्या. लांब लांब चोळणं जर्मन, नेमकं टोचणं व्हिएतनामी. ओरडणं ज्याचं त्याच्या मातृभाषेत.

बर्लिनची भिंत पडल्यावर तो मित्र मायदेशी गेला. जाताना त्याने वसतिगृहातल्या मोडक्या खुर्चीच्या पायातून एक खुंटी कातून यांना दिली. भिंतीवर मधोमध ती असायची. पत्रं दोन-तीन वर्षं आली, मग थांबली.

त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे आली, ती आखडलेला उजवा खांदा घेऊनच. हात कानाच्या वर जाईना. अंबाडासुद्धा माझ्या बायकोने घालून द्यायचा. नाशिकच्या घरी आई एकटी राहायची. हात सुधारला नाही, तर घराला कुलूप लावून तिने माझ्या बहिणीकडे राहायला जायचं, असं आम्ही भावंडांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आई म्हणाली, "मला फक्त फळीवरचा डबा माझा मला काढता आला पाहिजे. मग बघते मला घराबाहेर कोण काढतं."

पण मसाजला मात्र साफ नकार. "या वयात परक्या पुरुषाचा हात लावून घेऊ?"

"आई, ते हात लावत नाहीत. लाकूड लावतात."

तिने क्षणभर विचार केला. "लाकूड चालेल."

पहिली खेप बरी गेली. आई त्यांना सुतारबुवा म्हणायला लागली. दुसऱ्या खेपेला आम्ही जरा लवकर पोचलो आणि घोटाळा झाला. पडद्याच्या फटीतून आईला दिसलं, की सुतारबुवा एका आजोबांच्या तळपायावर मित्राने दिलेली ती खुंटी फिरवतायत. मग त्यांनी ती स्पिरिटने पुसली, गालाला लावली आणि आईच्या खांद्याकडे आणली. आई ताडकन उठली.

"तळपायाचं लाकूड माझ्या डोक्यापाशी? सांग त्यांना!"

मी माझ्या इंजिनिअरी जर्मनमध्ये सांगितलं, "माझ्या आईचं असं म्हणणं आहे, की पाय खाली असतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. यात वाद घालण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही.

मग मी सगळं नीट समजावलं. पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो, पुस्तकालासुद्धा, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ती खुंटी माझ्या हातात ठेवली. "आजपासून ही फक्त तुमच्या आईंची. घरी न्या, त्यांच्या पद्धतीने शुद्ध करा."

घरी आल्यावर आई म्हणाली, "ओल्या फडक्याने पूस आणि उन्हात ठेव," आणि पडायला गेली. आता जर्मनीत आठ वर्षं काढलेला माणूस फडकं कशाला घेईल? मी खुंटी भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातली. सर्वात कडक प्रोग्राम लावला. दोन तासांनी दार उघडलं, तर खुंटी कैरी चिरावी तशी उभी चिरलेली.

आईने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "अरे, पोळपाट कधी उकळतात का? एवढा शिकलास, आणि लाकडाला काय चालत नाही ते ठाऊक नाही तुला!"

पुढच्या खेपेला ट्राममध्ये मी माफीची तीन वाक्यं घोकली होती. दारात एकही आठवलं नाही. नुसती खुंटी पुढे केली. सुतारबुवांनी ती घेतली आणि सवयीने गालाला लावली. मग काढलीच नाही. आम्ही दोघं उभेच.

शेवटी म्हणाले, "लाकडाला फार गरम झालं. त्यानेच सांगितलं." आणि खुंटी कोटाच्या खिशात घातली. भिंतीवर मधोमध एक खिळा तेवढा उरला.

"काय म्हणाले?" आईने विचारलं. मी सांगितलं. तिने डाव्या हाताने आपली कापडी पिशवी उघडली आणि आतून लाटणं काढलं. इथलं लाटणं म्हणजे रोडरोलर, म्हणून नाशिकहून आणलेलं तिचं स्वतःचं. ते त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "माझ्या लग्नातलं आहे. सांग त्यांना, याने आजवर पोळ्याच लाटल्यात. पायाला कधी लागलेलं नाही."

त्यांनी लाटणं उचललं, गालाला लावलं, डोळे मिटले. "तूप प्यालंय हे. किती चांगलं पोसलंय!" मग आईकडे वळून मान लववली. "आल्झो. बघू, हे काय म्हणतं."

पुढचे पाच आठवडे आईच्या खांद्यावरून कोपरापर्यंत तिचंच लाटणं फिरलं. ती मराठीत कळवळायची, ते जर्मनमध्ये धीर द्यायचे, आणि मी मध्ये भाषांतर केलं की दोघंही मला गप्प करायचे. घरी बायको सरबताच्या बाटलीने पोळ्या लाटत होती. तिचं माझ्याबद्दलचं मत इथे लिहीत नाही. पण एके सकाळी आई खोलीतून बाहेर आली ती स्वतः घातलेल्या अंबाड्यासकट. जरा तिरका होता. बायकोने डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, उगीचच.

निघायच्या आदल्या दिवशी आई सुतारबुवांचा निरोप घ्यायला गेली आणि लाटणं त्या रिकाम्या खिळ्यापाशी ठेवून आली. "भिंत बरी दिसत नव्हती," एवढंच मला म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं मी अधूनमधून माझी मान घेऊन जात राहिलो. लाटणं भिंतीवर मधोमध असे. माझ्यावर ते कधी चाललं नाही. चिरलेली खुंटी त्यांच्या खिशात असायची. बोलता बोलता हात तिकडे जाई. मग एका हिवाळ्यात दाराला कुलूप दिसलं. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी फोन करून ट्रामच्या थांब्यावर भेटल्या आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट पुडी माझ्या हातात दिली. "हे तुमच्या आईंना परत द्यायचं, असं सांगून गेलेत." खुंटी त्यांनी शवपेटीत सुतारबुवांबरोबरच ठेवली होती.

ती पुडी मी नाशिकला नेली. आईने स्वयंपाकघरात उभ्यानेच उघडली. आत लाटणं, आणि त्यांच्या हातची एक चिठ्ठी. मी वाचून दाखवली: "फक्त खांदे. पाय कधीच नाहीत."

आईने लाटणं गालाला लावलं.

"आई, दे, धुऊन आणतो."

"तू लांब राहा. तुझं धुणं बघितलंय मी."

तिने पदराने ते टोकापासून टोकापर्यंत पुसलं, आणि फळीवर, सगळ्यात वरच्या डब्याच्या शेजारी ठेवलं. उजव्या हाताने.