आगीकडे पहिला धावणारा

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बांगड्यांचा भाव करत उभी होते. सुमनवहिनींचा आवाज इतका शांत होता, की येताना मासळी घेऊन ये असंच काहीतरी सांगायचं असेल असं मला वाटलं. "बायो, तुझा दादा गेला गं. सकाळचा चहा घेतला, बरं वाटत नाही म्हणून आडवा झाला तो..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. लिलावाच्या गलक्यात मी नुसती "काय? काय?" ओरडत राहिले. समोरच्या मासेवालीने काही न विचारता माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला तिच्या पाटावर बसवलं.

विलासदादा माझा आतेभाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्याने बोटीवर काढली, इंजिनाच्या धगीत. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी त्याला शहरात फ्लॅट घे म्हणून सांगितलं, तर हा पठ्ठ्या आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जाऊन बसला. जांभा दगड फोडून खड्डे घेतले, खालून माती आणून भरली आणि काजू लावले. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेलं, त्यामुळे साऱ्या राज्य सरकारवरचा त्याचा राग माझ्या वाट्याला यायचा. मी दारात दिसले की "या सरकार, बसा!" आणि जेवताना "सरकार, आमटी घ्या, ही मंजूर झालेली आहे." मी चिडले की त्याला जेवण जास्त गोड लागायचं.

रागाला कारण होतं. थंडी सरली की सड्यावरचं गवत वाळून कोरडंठाक होतं. कुठे वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींवर घासतात, कुठे कोणी विडी टाकतो, आणि बघता बघता वणवा पेटतो. शहरातून बंब निघून वर पोचेपर्यंत खाली राख उरलेली असते. दादाची मागणी साधी होती : सड्यावर पाण्याची एक मोठी टाकी, आणि दरवर्षी वेळेत गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. उत्तरं मात्र तऱ्हेतऱ्हेची आली. ही हद्द वनखात्याची नाही, पंचायतीकडे निधी नाही, पुढच्या आराखड्यात बघू. प्रस्तावाला वेळ लागतो हे मी त्याला समजावू लागले, तर म्हणाला, "तुझी फाइल चालते बायो, वणवा धावतो."

मग काशिनाथची बाग जळली. काशिनाथ म्हणजे दादाचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती. दोघांच्या बागांमध्ये फक्त एक गडगा, जांभ्या दगडांची रचलेली भिंत. आमच्याकडे सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात. तो पडायच्या आत बागेच्या कडेचा पालापाचोळा जाळून घ्यायचा, म्हणजे पुढे वणवा आला तरी त्याला खायला काही उरत नाही. त्या दिवशी सकाळी दादाने तेच केलं होतं. जाळून, वर पाणी मारून तो घरी आला. दुपारी खारा वारा सुटला आणि काशिनाथच्या काजूतून धूर उठला. दादा गडग्यावरून उडी टाकून आत शिरला आणि ओल्या फांदीने एकटाच आग झोडपत राहिला. भुवया जळल्या, तळहात भाजला. गाव जमेपर्यंत अर्धी बाग गेली होती.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने काशिनाथला सांगितलं, वणवा नैसर्गिक आपत्तीत बसत नाही; आग माणसाने लावलेली असते, तेव्हा आधी माणूस सांगा. "सगळ्यांत आधी इथे कोण होतं?" खरं तेच लोकांनी सांगितलं. विलास. सकाळी पाचोळा कोणी जाळला? विलासनेच. काशिनाथला भरपाई मिळाली नाही, एक संशयित तेवढा मिळाला. पहिला धावून जाईल त्याचं नाव लागतं हे गावाने त्या दिवसापासून मनात धरलं. त्यानंतर कुठेही धूर दिसला, की माणसं फांद्या हातात घेऊन गडग्याबाहेर उभी राहायची आणि दुसरा कोण आत शिरतोय याची वाट बघायची. "बोटीवर आग पहिल्यांदा बघणाऱ्याला शाबासकी देतात," दादा म्हणायचा, "इथे पंचनामा."

काशिनाथ त्याच्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, शिवी नाही. वाटेत समोर आला की नुसता खाली बघून जायचा, आणि दादाला तेच जास्त लागायचं. एकदा पडवीत बसलो असताना दादा एकदम म्हणाला, "मी पाणी मारून आलो होतो बायो. खात्री आहे माझी..." मग गडग्याकडे बघत म्हणाला, "निदान मला तरी वाटतं की आहे." इतक्या थट्टेखोर माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच आत पाणी प्यायला गेले.

गेल्या वर्षी पलीकडच्या सड्यावर वीज साठवायच्या बॅटऱ्यांचा प्रकल्प येणार अशी बातमी आली. कंटेनरएवढाल्या बॅटऱ्या, दिवसा उन्हाची वीज भरून रात्री द्यायची. लोकांना वाटलं, विलास आता विरोधाचा झेंडा घेऊन उभा राहणार. गावच्या सभेत तो उभा राहिला खरा, पण म्हणाला, "वीज पाहिजे, बॅटरी पण पाहिजे. आग लागली तर काय करणार तेवढं सांगा. बोटीवर असली बॅटरी पेटलेली मी बघितली आहे. विझली म्हणून पाठ फिरवावी, तर परत पेटते." आलेल्या साहेबांनी हसून धीर दिला : कुंपणाच्या आत टाकी असेल, बंब असेल, भोवतीचं गवत कायम काढलेलं असेल. दादा लगेच म्हणाला, "म्हणजे हे सगळं सड्यावर होऊ शकतं तर! मग आम्ही इतकी वर्षं काय मागत होतो साहेब? बॅटरीला बंब, आणि काजूला?" सभा हसली, साहेबही हसले. मागच्या रांगेत बसलेला काशिनाथ तेवढा हसला नाही. साहेबांनी सूचना नोंदवून घेतो म्हणून सांगितलं आणि चहा आला. प्रकल्पाचं पुढे काय झालं ते अजून कोणालाच धड ठाऊक नाही.

दादाच्या शेवटच्या प्रवासाला अख्खा गाव आला होता. काशिनाथही आला, पण खांदा द्यायला पुढे झाला नाही, लांब आंब्याखाली उभा राहिला. मला त्याचा फार राग आला. आलास कशाला मग, असं तोंडावर विचारायचं होतं, पण तो दिवस तसला नव्हता.

परवा वहिनींकडे राहायला गेले होते. दुपारी जेवून आम्ही दोघी कलंडलो होतो, तर जळक्या गवताचा वास आला. मागच्या दारी जाऊन बघतो तो आमच्याच काजूच्या वरच्या कोपऱ्यात धूर. वहिनी हाका मारत सुटल्या, मी बादली घेऊन मागोमाग. वर पोचतो तर काशिनाथ आधीच आत होता. या वयात गडगा चढून आलेला, ढोपर फुटलेलं, डोक्याचा टॉवेल कुठेतरी पडलेला, आणि फांदीने आग झोडपत होता. तो आत दिसल्यावर बाहेर थबकलेली माणसंही एकेक करून उतरली. चार-सहा झाडं होरपळली, बाकी बाग वाचली.

सगळं विझल्यावर काशिनाथ तिथेच दगडावर बसला. त्याला धाप लागली होती. कोणी काही विचारलं नव्हतं. तोच खाली बघत म्हणाला, "वैनी, पंचनाम्याला कोन आलं तं सांगा, पयला मीच व्हतो. माझं नाव घाला म्हनावं."

वहिनींनी तांब्या त्याच्यापुढे धरला. "सांगेन हो. आधी पाणी प्या."