बानाबाईची राखण

१५ जानेवारी १९९४. त्या दिवशी बानाबाईच्या मेलेल्या मेंढीची भरपाई आमच्या हिशेबाने चारशे पंचाहत्तर रुपये होत होती.

मी वन खात्यात लेखापाल. हिशेब तपासायला कन्नडला गेलो होतो आणि तिथेच अडकलो. आदल्या दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. शहरात काही होईल या धास्तीने गाड्या सुटत नव्हत्या, पुंडलिकनगरला घरी फोन लागत नव्हता. पंचनाम्यावर सही करणारे आमचे अधिकारीही शहरातच होते. अशात सकाळी वनरक्षक सखाराम सायकल घेऊन आला. डोंगराच्या पायथ्याशी बिबट्याच्या मादीने मेंढी मारली होती आणि मालकिणीचा दीर सोनाजी कपाशीच्या औषधाचा डबा घेऊन तिथे बसला होता. बिबट्या आपल्या शिकारीवर पुन्हा येतो. या मादीमागे पिलं होती.

कुणी मढ्यात विष घालू नये, म्हणूनच सरकार भरपाई देतं. पण पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही, असा नियम. म्हणजे विष घालायला ते तिथे आयतंच पडलेलं. सखारामच्या मागे बसून मी निघालो.

बानाबाई मेंढीजवळ बसून गिधाडं हाकलत होती. साठीची बाई, देवगाव रंगारीकडची. नवरा मल्हारी होता तेव्हा त्यांचा कळप वाळूजच्या माळावर उतरायचा. तिथे कारखान्यांची कुंपणं पडली, पुतणे त्याच कारखान्यांत लागले आणि मेंढरांना जागा उरली ती डोंगरालगत, बिबट्याच्या दारात.

दिवस मावळायच्या आत कागद झाला नाही तर मी माझं करणार, असं सोनाजीने सांगून टाकलं. या हंगामात त्याचीही कोकरं गेली होती. साहेब कवा येणार, असं त्याने विचारलं. एसटी सुरू झाली की, असं मी म्हणालो.

"मंग बिबट्यालाबी सांगा, एसटी सुरू व्हईस्तवर उपाशी बस म्हनावं."

सखारामने वाट काढली. मालकाचा जबाब आणि माझी साक्ष आज घेऊन ठेवायची, साहेबांची सही नंतर. सोनाजी नरमला. मेंढी कुणाची, असं सखारामने बानाबाईला विचारलं.

"माझी नाय. खंडोबाची हाय."

मेंढीचा कान कातरलेला होता. देवाला सोडलेली मेंढी हे लोक विकत नाहीत, तिचा पैसा घरात आणत नाहीत. मावशी, कागदावर नुसतं तुमची म्हणा, असं सखाराम परोपरीने समजावत राहिला. ती मान हलवत राहिली.

"वैनी, सरकारचे पैसे वाचवती व्हय? आता सरकार तुला लुगडं धाडंल," सोनाजी म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण फिरवलं.

मालक नाही तर जबाब नाही, जबाब नाही तर भरपाई नाही. कायदा सांगायला हवा होता, पण ज्याला आम्ही काहीच देऊ शकत नव्हतो त्याला तो कोणत्या तोंडाने सांगणार? सखाराम मध्ये जायला उठला. सोनाजीने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि तो मेंढीवर वाकला.

बानाबाईने मेंढीच्या पोटावर हात ठेवला. आवाज चढवला नाही.

"देवाच्या जित्राबात इख वततो? तुझा भाऊ असता तर वतलं असतंस? आन मंग भंडारा कोन्त्या हातानं उधळशील?"

सोनाजी तसाच वाकून राहिला. मग झाकण लावून त्याने डबा खाली ठेवला. औषध उधारीवर आणलंय, ते कोण भरणार, एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, मी भरीन. पाण्यापासून लांब खड्डा खणून तिने ते ओतलं आणि सखारामने वर माती लोटली.

अधिकारी पोचले तेव्हा तिथे हाडं होती आणि ओढ्याच्या ओल्या मातीत मादीचे आणि पिलांचे ठसे होते. पंचनामा झाला नाही.

याला वर्ष झालं. औषधाचे बत्तीस रुपये होते. बानाबाईने सोनाजीला वीस दिले. बारा रुपये बाकी आहेत.