घोट्याला दोन भोकं

मुरगळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे हो! पण ज्या माणसाचा उजवा घोटा सपाट फरशीवरसुद्धा मुरगळतो, त्याला गल्लीतले लोक दुसरं काय म्हणणार? आणि धंदा कसला, तर दुकानांना काचा बसवायचा. आता बोला!

मोठी काच उचलायला दोघं लागतात. पुढे बायकोचा धाकटा भाऊ, तो उलटा चालणार, मागे मुरगळराव. नियम एकच: नजर काचेवर, पायांकडे बघायचं नाही. मुरगळराव नियम पाळायचे, घोटा पाळायचा नाही. धडाधड काचा फुटल्या, तेव्हा मेहुण्याने हात जोडले. "दाजी, आता एक जरी फुटली ना, तर मी दुसरा जोडीदार बघतो."

मुरगळरावांनी तडक दवाखाना गाठायचं ठरवलं. दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं. काच चौकटीत चपखल बसली की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटे.

हाडांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा मुरगळून घोट्याचे बाहेरचे बंध सैल पडलेत. दोन बारीक भोकं पाडू, एकातून कॅमेरा घालू, आणि बंध दोऱ्याने हाडाशी घट्ट बांधून टाकू."

ऑपरेशन झालं, सूज उतरली. मग व्यायामवाल्या ताईंनी एका पायावर उभं करून करून जीव नकोसा केला. घोटा ठणठणीत झाला! पण घरात पटतंय कुणाला? सासूबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. "एवढंच? मला तर डास चावल्यासारखं दिसतंय."

"एवढ्याशा भोकातून काय कपाळ दुरुस्त होणार!" मेहुणा म्हणाला. "फसवलं तुम्हाला, दाजी."

मुरगळरावांना भयंकर राग आला, तोही त्या भोकांचाच. चांगला घसघशीत व्रण असता, तर निदान तोंडावर मारता तरी आला असता!

पहिली काच निघाली एका शिंप्याच्या दुकानाला. मेहुणा उलटा चालतोय आणि काचेतून आरपार बघतोय थेट घोट्याकडे.

"अरे, काचेकडे बघ!"

"काचेकडेच बघतोय," मेहुणा म्हणाला, "वळला का हो?"

एवढ्यात मेहुण्याच्या मागे दुकानाची पायरी आली. टाच अडकली, काच सुटली आणि मेहुणा पायरीवर धपकन बसला. काचेचा सगळा भार मुरगळरावांवर, म्हणजे नेमका उजव्या पायावर! त्यांनी काच छातीशी कवटाळली, डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात धंद्याला रामराम ठोकला.

काहीच फुटलं नाही. डोळे उघडले तर काच धड, आपण उभे, घोटा जागच्या जागी. मुरगळरावांना इतका आनंद झाला की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शिंपी कात्री टाकून टाळ्या वाजवायला लागला.

मेहुणा मात्र पायरीवरून उठेना. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "मला काढून नाही ना टाकणार?"