माझा रेसिंगचा रविवार

"आपल्याला नातवंडं नाहीत अजून," आमचे हे चष्म्याच्या वरून बघत म्हणाले. टेबलावर रिमोटची गाडी होती. "मग हे खेळणं कुणासाठी आणलंस?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "आणि खेळणं म्हणायचं नाही. हिच्या शर्यती असतात."

पन्नाशी उलटलेल्या बाईने हळदीकुंकवाला जावं, फार तर योगाचा क्लास लावावा, असा आमच्या लालबागेतला शिरस्ता. मीही तेच केलं असतं. पण दिवाळीनंतर ऑडिटची कामं तुंबली आणि एका रविवारी मला लोअर परळच्या ऑफिसात जावं लागलं. जुन्या गिरणीच्या जागेवर उभी राहिलेली ती इमारत रविवारी अगदी सुनसान असते. मागच्या पार्किंगमधून मात्र गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज येत होता. बघते तर काय, चांगली पोटं सुटलेली, टक्कल पडलेली माणसं एका लाकडी मचाणावर ओळीने उभी, प्रत्येकाच्या हातात रिमोट, आणि खाली जमिनीवर दोन्ही कडांना जुने पाइप मांडून आखलेल्या रस्त्यावर हातभर लांबीच्या गाड्या सुसाट पळतायत.

मी कठड्याला टेकून बघत राहिले. ऑडिट गेलं खड्ड्यात. तो सगळा खटाटोप चालवणारे एक अंकल होते, वरळीच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतले, पांढऱ्या मिशांचे. ते माझ्याजवळ आले आणि सरळ रिमोट माझ्या हातात दिला. "बाय, बघत काय बसलीस? चालव."

पिस्तुलासारखा घोडा असतो, तो दाबला की गाडी पळते, आणि बाजूला एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की वळते. एवढंच. मी घोडा दाबला आणि गाडी जी सुटली ती थेट भिंतीवर. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. किती वर्षांनी एवढी हसले असेन कोण जाणे!

मग अंकलकडूनच त्यांची एक जुनी गाडी घेतली आणि आमच्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये सराव सुरू केला. शेजाऱ्यांच्या दाराबाहेरच्या चपला अंतराअंतरावर मांडायच्या आणि त्यांच्यामधून गाडी काढायची. जाताना छान जाते हो! परत आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि इथेच घोडं पेंड खातं. सुरुवातीला मी स्वतःच अंगाने वळायचे, गाडी मात्र शेजाऱ्यांच्या कोल्हापुरीत घुसायची. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण जीभ अजून तिखट आणि बोलणं अस्सल मालवणी. "गो, त्येका धावडवतंस कित्याक? हळू चलव. चपलांनी काय वायट केल्यानी तुझा?"

आता खरी अडचण सांगते. शर्यती रविवारी सकाळी, आणि आमच्या घरात रविवार म्हणजे मासळी. लग्न झाल्यापासूनचा नेम. सकाळी बाजार, मग साफ करणं, वाटण, कालवण, तळणं, आणि एकच्या सुमाराला सगळ्यांची पानं वाढलेली. त्यानंतर ह्यांची ताणून झोप. शनिवारी आणून ठेवलेली मासळी सासूबाईंना चालत नाही, त्या वासावरून ओळखतात. मी तोडगा काढला. उजाडायच्या आत उठायचं, पहिल्या टोपलीतली मासळी आणायची, सगळं रांधून ठेवायचं आणि धावत पार्किंग गाठायचं. अंकल लांबूनच नाक वर करून म्हणायचे, "आज बांगडा! बरोबर?" माणूस दर्दी होता.

पण अंतिम फेऱ्या भरदुपारी, एकेका गटाच्या ओळीने असायच्या, आणि पानं वाढायला मला त्याआधी निघावं लागायचं. सकाळच्या फेऱ्यांत जरा हात बसतोय असं वाटावं आणि पिशवी उचलावी, हे दर खेपेला. तिथली तरणी पोरं म्हणायची, "काय काकू, परत फायनल सोडून?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मला कप नको होता. मला एक अख्खा रविवार हवा होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्या मालकीचा. पावसाळ्यात ट्रॅक बंद होतो. मे महिन्याचा शेवटचा रविवार गेला की थेट दसऱ्यानंतर.

आणि एक खोड माझी जाता जात नव्हती. ट्रॅकवर गाडी उलटली की मचाण सोडायचं नाही, हा तिथला कडक नियम. ज्यांची शर्यत आधी झालेली असते, ते वळणावळणावर उन्हात उभे असतात आणि कुणाचीही गाडी पडली की सरळ करून देतात. तुमची शर्यत संपली की पुढच्यांसाठी तुम्ही उभं राहायचं. ज्याने पाळी चुकवली, त्याची शर्यत बाद. सोपं आहे. पण माझी गाडी उलटली की मी काही कळायच्या आत मचाणावरून उडी मारून धावत ट्रॅकवर! मागून बोंब, "काकू, वर! वर!" एकदा तर दुसऱ्याची गाडी माझ्या पायावरून गेली. अंकलनी कपाळाला हात लावला. "बाय, तुझी गाडी उचलायला आम्ही आहोत ना? तू का धावतेस?" मी काय सांगणार? घरात काही पडलं, सांडलं, की मीच धावते. पायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

त्या शेवटच्या रविवारी मी कोलंबी आणली, फ्रीजमध्ये ठेवली आणि ह्यांना म्हटलं, "आज माझी फायनल आहे. कोलंबी सोलून ठेवा, मी आल्यावर कालवण करते."

"मी सोलू?" पेपर खाली आला. "मला येते का ती सोलायला?"

"मलाही आईच्या पोटातून येत नव्हती," म्हटलं आणि चप्पल घातली. जिना उतरताना चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि त्या वाटण्याचाच मला राग येत होता.

आमच्या गटाची अंतिम फेरी सुरू झाली. ऊन असं की रिमोटसुद्धा तापलेला. पहिले काही फेरे माझी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग कोपऱ्यावर पाइपला चाक घासलं आणि गाडी पालथी, चारही चाकं वर. माझा एक पाय मचाणावरून खाली गेलाच होता. "बाय, पाय!" अंकल ओरडले. मी कठडा घट्ट धरला. वळणावर एक गृहस्थ उभे होते, मोठ्या कंपनीतले साहेब, रविवारी मात्र हाफ चड्डीत. ते वाकले, गुडघ्यावर हात टेकून, "आई गं" करत वाकले, माझी गाडी उचलली, सरळ केली आणि मला हात दाखवला. जा! डोळे भरले आणि पुढचं वळण दिसेना. कशीबशी चालवली. शेवटून दुसरी आले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वर्ग दोन बोटं उरला.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "झाली ना शर्यत? मग ये की आता. आईला भूक लागलीय. कोलंबी तशीच आहे."

"अजून थांबायचंय. पुढच्यांच्या गाड्या उचलायच्यात."

"अगं, लोकांच्या गाड्या उचलायला तुला वेळ आहे आणि घरात..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आहे वेळ!" मी म्हटलं आणि फोन कापला. मग वळणावर उभी राहिले आणि पडेल त्याची गाडी उचलली. साहेबांची आणखी एक गाडी पुढच्या गटात होती, ती दोनदा उचलली.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. हे सोफ्यावर, समोर चिवड्याची रिकामी वाटी, तोंड फुगलेलं. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी. मी पिशवी ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि सवयीने फ्रीज उघडला.

"रवलंस कित्याक इतक्या वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

मी कोलंबीचं पातेलं हातात घेऊन उभ्या उभ्या सांगितलं. शर्यत झाली की थांबावं लागतं, दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलाव्या लागतात, तसा नियम आहे.

"आणि तुझी पडली तर?"

"तर ते उचलतात. ज्यांची शर्यत झालेली असते ते."

"पुरुषमाणसां पण?"

"सगळे पुरुषच आहेत, आई. वाकून उचलतात."

त्या सोफ्याकडे वळल्या. "मेल्या, ऊठ," आपल्या साठीच्या लेकाला म्हणाल्या, "कोलंबी सोल."

"आई, अगं मला..."

"ऊठ म्हणतंय ना!"

हे उठले. पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि ओट्याशी उभे राहून पहिली कोलंबी सोलली. सालाबरोबर अर्धं मांसही गेलं. माझे हात शिवशिवायला लागले, मी ओट्याकडे निघाले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात अगदी हलका, पण सोडेचना.

"बस गो," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटणीक एक पण रविवार इलो नाय. तू बस."