जास्वंदीची फांदी

नात नोकरीच्या परीक्षांची कोडी सोडवायची, तेव्हा मीही भाजी निवडता निवडता तिच्याबरोबर सोडवायचे. शाळा माझी सातवीपर्यंतची, पण या कोड्यांना शाळा लागत नाही. तिघं संशयित, एकच खरं बोलतोय, चोर कोण? दोघं एकमेकांना खोटं पाडत असतील तर खरा त्या दोघांतलाच. म्हणजे तिसरा खोटा. तो ‘मी नाही’ म्हणत असेल, तर तोच चोर. आहे काय त्यात.

तर एका संकष्टीला आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत जास्वंदीची मोठी फांदी मोडलेली दिसली. झाड सेक्रेटरींनी हातानं लावलेलं, त्यामुळे चौकशी बसली. वॉचमन म्हणाला, माळ्यानं मोडली. माळी म्हणाला, हा खोटं बोलतोय. जिना झाडणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, “म्या न्हाई.”

मी बाकावरून सगळ्यांना ती युक्ती समजावली. बोलायची हौस, दुसरं काय.

“वा आजी, पोलिसांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी,” सेक्रेटरी म्हणाले. मग बाईंकडे वळून, “उद्यापासून येऊ नका.”

हे असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर येऊन नातीला सांगितलं, तर ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, “पण एकच खरं बोलतोय, हे तुला कोणी सांगितलं? पुस्तकात ते दिलेलं असतं. आणि संशयित तिघंच, हेही.”

मी देवापुढे जाऊन बसले. गणपतीला सकाळी वाहिलेली जास्वंदीची फुलं होती, त्यातल्या एकाच्या देठाला सालीची लांब पट्टी लोंबत होती. आकडीनं फांदी ओढली तेव्हा कट्‌ आवाज झाला होता. ऐकला नव्हता असं नाही. वाळकी काडी असेल म्हटलं आणि फुलं घेऊन वर आले.

तशीच खाली गेले. बाई आपला झाडू पिशवीत घालत होत्या.

“फांदी मी मोडली,” मी सेक्रेटरींना सांगितलं.

“मग तुमच्या कोड्याचं काय?”

“कोडं बरोबर होतं. मीच त्यात नव्हते.”

ते बाईंना फक्त हातानं ‘राहा’ म्हणाले.

जिन्यात बाई म्हणाल्या, “सकाळी तुमाला आकडी घेऊन बघितलं हुतं, आजी.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“म्या न्हाई म्हटलं, त्ये तरी कुणी खरं धरलं?”

त्यांनी झाडू पिशवीतून काढून कोपऱ्यात, रोजच्या जागी ठेवला.