अर्धा ड्रम रिकामा ठेवायचा

एका खोलीत दहा बायका दिवसभर साड्यांच्या घड्या घालत बसल्या की संध्याकाळपर्यंत दोन ढीग तयार होतात. साड्यांचा ढीग टेम्पोत बसून मार्केटला जातो, किश्शांचा आमच्यापाशीच राहतो. सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या पॅकिंग खात्यात वर्षभरात जे किस्से साठले, त्यातले निम्मे एका यंत्राचे आहेत. आणि यंत्राचे म्हटले तरी ते सगळे सुमनताईंचेच आहेत.

*

यंत्र म्हणजे एअर फ्रायर, तोही फिरणारा. आत जाळीचा ड्रम. तो गरम हवेत गोल गोल फिरतो आणि थेंबभर तेलात पदार्थ कुरकुरीत होतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. शेठनी तो घरासाठी घेतला होता. त्यांच्या बायकोने, मीनाबेननी, खोकं उघडायच्या आधीच निकाल दिला, "तेल वगरनुं ते कंई फरसाण होय?"

बिनतेलाचं कसलं फरसाण, या वाक्याला सुरतेत राहून उत्तर द्यायची शेठची छाती नव्हती. त्यांनी खोकं आणून आमच्या जेवणाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "लो, तमे वापरो."

बाकीच्या हसल्या. सुमनताई मात्र खोक्यावरचं सगळं दोनदा वाचत बसल्या, त्याला कारण होतं. त्यांचे यजमान भास्करआबा. माणूस पारोळ्याकडचा, तीस वर्षं लूमवर, यंत्रमागावर उभा राहिलेला. त्या खडखडाटात कान गेले. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून आमच्याच बिल्डिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आणि आबांनी रुसून खाणंच बंद केल्यासारखं केलं. दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचं.

"वंदना," सुमनताई मला म्हणाल्या, "ह्या माणसाचा पट्टा दोन भोकं आत गेला. मला त्याला एकदा पोटभर खाताना बघायचंय."

*

पहिल्या दिवशी बटाटे आणले. सुमनताईंनी त्यांच्या एकसारख्या लांब फोडी केल्या. आता, आमचं काम काय? पन्नास साड्यांच्या खोक्यात बावन्न बसवणं. बोट शिरेल एवढी जागा राहिली तर आम्हाला झोप लागत नाही. सुमनताई तर या कामातल्या उस्ताद. त्यांनी फोडी ओळीत रचल्या, थरावर थर दिले, तळहाताने दाबल्या आणि ड्रमचं झाकण गुडघा लावून बंद केलं. एका बैठकीत दीड किलो!

वीस मिनिटांनी झाकण उघडलं. फोडी जशा रचल्या तशाच, एकही हललेली नाही. बाहेरून ओल्या, आतून पिठूळ. अमरावतीकडची रेखा, जिची जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे, एक फोड चाखून म्हणाली, "ताई, उपासाची भाजी मस्त जमली."

*

खालच्या मजल्यावर लूम चालतात. तिथले तिवारी मास्तर दुसऱ्या दिवशी यंत्र बघायला आले. फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की मास्तरांचा हात खिशातल्या तेलाच्या कुपीकडे जातो. आम्ही चहा ओतेपर्यंत त्यांनी ड्रमच्या दोन्ही टोकांना लूमचं तेल सोडलं होतं.

त्या दिवशीच्या फोडींना असा वास आला की रेखाने दारं उघडली. घाण फेकली, ड्रम तीनदा घासला आणि नव्या फोडी पुन्हा दाबून भरल्या. सुमनताई एवढंच म्हणाल्या, "बिनतेलाच्या यंत्रात पहिलं तेल मास्तरांनी घातलं."

मास्तर ओशाळले, पण जाता जाता ड्रममध्ये डोकावून एक मोलाचं बोलून गेले. "भाभी, इसमें माल को खेलने की जगह ही नहीं है."

सुमनताईंनी ड्रम पुढे ओढला. मग त्यांनी अर्ध्या फोडी बाहेर काढल्या. जिने आयुष्यभर कुठलं खोकं अर्धं सोडलं नाही, तिला त्या दिवशी काय वाटलं असेल ते आम्ही घड्या घालणाऱ्याच जाणतो.

*

त्यानंतर सुधारणा झाली, पण टोकं कुरकुरीत आणि मधे मऊ. सुमनताईंनी ओळखलं की फोडी ओल्या जातायत. दोन पाण्यांनी धुवायच्या, म्हणजे चिकट पीठ जातं, आणि खडखडीत पुसून मगच आत टाकायच्या.

पुसायला कापड हवं. आमच्याकडे कापडाला काय तोटा! डाग पडलेली एक साडी पसरली, फोडी त्यावर टाकल्या, दाबल्या, चोळल्या. पाणी इकडून तिकडे पळालं, पण जिरलं नाही. सगळं पॉलिस्टर. मग जॉर्जेट, मग सिल्क म्हणून विकतात ते. अख्ख्या खात्यात हजारो वार कापड, पण घोटभर पाणी पिणारं एकही नाही!

शेवटी सुमनताईंनी घरून आबांची जुनी सुती लुंगी धुऊन आणली. तीच आजही यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

*

लुंगीनंतर फोडी जमल्या. बाहेरून सोनेरी, दाताखाली वाजणाऱ्या. वर चमचाभर तेल, मीठ, तिखट, लसूण. दहाजणी एका ताटावर तुटून पडल्या. सुमनताईंनी आबांचा वाटा आधीच बाजूला काढला होता.

आबांना बोलवायला फोन केला. दोनदा, तीनदा. मी जिन्यातून हाक मारली, शेवटी खाली जाऊन विचारलं तर म्हणाले, "आवाज नही उना." म्हणजे त्यांच्या बोलीत, आवाज आला नाही. हे त्यांचं ठरलेलं. फोन, हाक, दारावरची घंटा, कशालाही हेच उत्तर. आणि दोन मजले चढायची त्यांना परवानगी नाही.

म्हणून सुमनताईंनी फोडी खाली न्यायचं ठरवलं. आणि हात सवयीवर गेला. साडीची नवी प्लास्टिकची पिशवी घेतली, फोडी भरल्या, हवा काढली, तोंड दुमडून टेप लावला. असं सुंदर पॅकिंग की मार्केटमध्ये दोन रुपये जास्त आले असते. दोन मजले उतरेस्तोवर पिशवीला आतून घाम फुटला होता.

आबांनी एक फोड तोंडात टाकली. सुमनताईंनी ओरडून विचारलं, "कशी शे?"

"मऊ शे," आबा म्हणाले आणि पिशवी परत दिली.

सुमनताई वर आल्या आणि घड्या घालायला बसल्या.

*

मधेच एक भानगड झाली. शेठनी फोडी चाखल्या आणि ताटलीभर घरी नेल्या. मीनाबेननी विचारलं, "कई दुकाननी छे?" दुकान आपल्याच खात्यात आहे हे कळल्यावर शनिवारी यंत्र परत मागवलं.

आम्हाला वाटलं सुमनताई हिरमुसतील. त्यांनी ड्रम पुसून खोक्यात घातला, शेठच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "न्या शेठ. हात इथेच राहतायत."

यंत्र गुरुवारी परत आलं. सोबत मीनाबेनचा निरोप होता की किती भरायचं ते सुमनबेनला विचारून लिहून घ्या. ड्रममध्ये कडेला उकडलेला बटाटा चिकटलेला होता. सुमनताईंनी चिठ्ठी सांगितली, मी लिहिली. पहिली ओळ : अर्धा ड्रम रिकामा ठेवायचा.

*

यंत्र परत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सुमनताईंनी फोडी बांधून खाली न्यायचा नाद सोडला. त्यांनी यंत्रच खाली नेलं. पुढे त्या यंत्र घेऊन, मागे मी फोडी आणि लुंगी घेऊन, माझ्यामागे रेखा रिकामं ताट वाजवत. गेटवर एकच प्लग होता, आबांच्या पंख्याचा. सुमनताईंनी तो उपटला. आबा रागावून काहीतरी पुटपुटले आणि तोंड फिरवून बसले.

ड्रम फिरायला लागला. सुरुवातीला फोडी धप धप पडत होत्या, मग टक टक, मग कोरड्या वाळूसारख्या सळसळायला लागल्या. सुमनताई घड्याळाकडे बघत नव्हत्या, कान देऊन ऐकत होत्या. सळसळ पाहिजे तशी झाल्यावर त्यांनी झाकण उघडलं आणि पहिली फोड थेट आबांच्या हातावर ठेवली. ना पिशवी, ना ताट.

आबांनी फुंकर मारली आणि चावली.

आणि थांबले. दुसरी उचलली, चावली. मग जबड्यावर कानाखाली हात ठेवला आणि तिसरी अगदी हळू चावली. आम्ही तिघी बघत उभ्या. सुमनताईंना धीर धरवेना. त्या नेहमीसारख्या ओरडल्या, "कशी शे?"

आबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"वरडू नको," ते म्हणाले. "आवाज उना."